हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या सरकारी तपासणीचे कागद इंदूरमध्ये कसे मिळवावेत

नातवाच्या मुंजीच्या जेवणासाठी आम्ही तीन केटरर पाहिले. तिघांच्याही हाताला चव होती, दर जवळपास सारखेच होते आणि "आमच्याकडे फूड लायसन आहे" असे तिघांनीही सांगितले. माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, कार्डावर नंबर छापलेला आहे, मग आणखी काय पाहायचे?" तो चौदा अंकी नंबर मी सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला. तिघांपैकी एकाचा नंबर शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका मिठाईच्या दुकानाचा निघाला आणि त्याचीही मुदत संपून गेलेली होती. अडीचशे पाने उठायची होती, त्यांत म्हातारी माणसे आणि लहान मुले बरीच. त्यामुळे मी तिथेच थांबले नाही. पुढच्या दोन महिन्यांत हे कागद कुठे असतात, कोणाकडे मागावे लागतात आणि हाती आल्यावर कसे वाचायचे हे जे कळले, ते इथे क्रमाने सांगते.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्या मनात एक अपेक्षा आधीच असते. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून प्रत्येक हॉटेलच्या दारावर तपासणीचा ए, बी किंवा सी असा दर्जा लावावा लागतो, आणि दोषांचे गुण तेरापर्यंत असतील तरच 'ए' मिळतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये शून्य ते पाच असे गुण असतात आणि ते सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे असा एकच आकडा नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नये. तपासणी इथेही होते, ठरलेल्या यादीनुसार होते आणि तिला गुणही दिले जातात. पण तो अहवाल अन्न सुरक्षा खात्याच्या संगणक प्रणालीत राहतो आणि व्यावसायिकाला त्याच्या लॉगिनमध्ये दिसतो, तुमच्या-माझ्यासाठी उघडा नसतो. आपल्याला सहज दिसतो तो परवाना. काही हॉटेलांच्या बाबतीत स्वच्छतेचे मानांकन दिसते आणि कुठे खटला झाला असेल तर त्याची नोंद दिसते. खरा तपासणी अहवाल मात्र मागून घ्यावा लागतो. या चारही ठिकाणांचे धागे एकत्र बांधतो तो चौदा अंकी क्रमांकच, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

क्रमांक कुठे सापडतो आणि तो काय सांगतो

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालचे २०११ चे विनियम यांच्यानुसार खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. छोट्या व्यावसायिकाला नोंदणी पुरते आणि उलाढाल वाढली की परवाना लागतो. घरून डबे देणाऱ्या बाई, पोळी-भाजी केंद्र, लग्नाकार्यातला केटरर, कॉलेजची मेस हे सगळे यात येतात. "आम्ही घरगुती, आम्हाला काही लागत नाही" हे म्हणणे बरोबर नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या मराठी मंडळींत घरगुती स्वयंपाकाचा व्यवसाय करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येकींना हे खरोखरच ठाऊक नसते.

क्रमांक बिलावर असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर किंवा पावतीवर छापणे बंधनकारक आहे. घरपोच जेवण मागवण्याच्या ॲपवर तो त्या हॉटेलच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दिलेला असतो. दुकानात तो भिंतीवर सापडतो, कारण परवान्याची प्रत ठळक जागी लावणे ही परवान्याचीच अट आहे. आमच्या भागातल्या एका हॉटेलात ही ठळक जागा म्हणजे गल्ल्यामागची भिंत होती. गणपतीच्या तसबिरीला खेटून, तळणीच्या वाफेने पिवळट पडलेल्या लॅमिनेशनमध्ये तो कागद अडकवला होता आणि त्याच्या खालच्या निम्म्या भागावर उदबत्तीचे घर ठेवलेले होते. मालकांनी ते न कुरकुरता बाजूला केले आणि मला फोटो घेऊ दिला. असा फोटो मागताना संकोच वाटू देऊ नये. तो कागद गिऱ्हाइकाने वाचावा म्हणूनच तिथे लावलेला असतो.

क्रमांक हाती आल्यावर संकेतस्थळ उघडण्याआधीच त्याचे पहिले पाच अंक वाचून घ्यावेत. पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: मध्य प्रदेश १४, महाराष्ट्र १५, गुजरात ०७. त्यानंतरचे दोन अंक वर्षाचे. म्हणजे इंदूरच्या केटररचा राज्य परवाना असेल तर तो ११४ ने आणि नोंदणी असेल तर ती २१४ ने सुरू व्हायला हवी. १०० ने सुरू होणारा क्रमांक केंद्रीय परवान्याचा, तो मोठ्या कंपन्यांकडे असतो. इंदूरच्याच एखाद्या माणसाच्या कार्डावर ११५ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी जागेचा आहे. एवढे अर्ध्या मिनिटात कळते.

त्यानंतर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) 'फॉसकॉस' हे संकेतस्थळ उघडावे. २०२० पासून देशभरातल्या नोंदण्या आणि परवाने याच प्रणालीतून दिले जातात. मुखपृष्ठावर व्यावसायिक शोधण्याची खिडकी आहे. तिथे क्रमांक घालून, चित्रातली अक्षरे भरून शोध घेता येतो आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. नावानेही शोधता येते, पण त्यात फार वेळ जातो. 'श्री' हा एकच शब्द रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, आणि लहान व्यवसायांची नोंदणी पुष्कळदा पाटीवरच्या नावाने नसून मालकाच्या नावाने असते. नावाने शोधून काही मिळाले नाही म्हणून "यांचे लायसनच नाही" असा निष्कर्ष काढू नये. आधी क्रमांक मागावा.

उत्तर आले की चार गोष्टी ताडून पाहाव्यात. नाव बिलावरच्या नावाशी जुळते का? पत्ता त्याच जागेचा आहे का? प्रत्येक जागेसाठी वेगळी नोंदणी किंवा परवाना लागतो. एका शाखेच्या परवान्यावर दुसरी शाखा चालवता येत नाही, आणि मुख्य दुकानाचा परवाना लांबच्या स्वयंपाकघराला लागू होत नाही. परवान्याची सध्याची स्थिती काय आहे, म्हणजे तो चालू आहे, मुदतबाह्य आहे, निलंबित आहे की रद्द? आणि चौथी गोष्ट, जी बहुतेक जण पाहतच नाहीत: व्यवसायाचा प्रकार कोणता लिहिला आहे? मिठाई विकणाऱ्याकडे नुसत्या किरकोळ विक्रीची नोंदणी असेल आणि तो अडीचशे माणसांचे जेवण रांधायला घेत असेल, तर ते काम त्या कागदात बसत नाही.

आता या कागदातून काय सिद्ध होत नाही, तेही समजून घ्यावे. नोंदणीचा अर्ज आला की अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारणे देऊन नाकारावी किंवा तपासणीची सूचना काढावी, असे नियम सांगतो. याचा अर्थ, तपासणी न होताही नोंदणी मिळू शकते. भिंतीवरचा कागद 'खात्याला ही जागा माहीत आहे' एवढेच सांगतो. ओट्याची अवस्था त्यावरून कळत नाही.

मानांकन, आणि आपले छप्पन व सराफा

प्राधिकरणाची स्वच्छता मानांकन नावाची एक योजना आहे. तिच्यात मान्यताप्राप्त खासगी लेखापरीक्षण संस्था हॉटेलात येऊन पाहणी करते आणि एक ते पाच असे मानांकन देते. प्रमाणपत्रावर ते हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांनी दाखवलेले असते. असे प्रमाणपत्र दिसले तर ते जरूर वाचावे आणि त्यावरची तारीख पाहावी. मात्र या योजनेत हॉटेल स्वतःहून भाग घेते. म्हणून ज्याच्याकडे मानांकन नाही ते हॉटेल वाईट, असा अर्थ होत नाही. आणि ज्याच्याकडे आहे, त्याने ठरलेल्या दिवशी आलेल्या पाहुण्याला आपले घर दाखवलेले आहे. न सांगता आलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा अहवाल ही वेगळी चीज आहे.

छप्पन दुकान आणि सराफा या आपल्या इंदूरच्या खाऊबाजारांना प्राधिकरणाने 'क्लीन स्ट्रीट फूड हब' म्हणून गौरवले आहे, आणि इंदूरकर म्हणून मलाही त्याचा अभिमान वाटतो. हे प्रमाणपत्र संपूर्ण बाजाराचे असते: पाणी, कचरा, सांडपाणी, विक्रेत्यांचे प्रशिक्षण, सगळे मिळून. रात्री सराफ्यात ज्या एका गाडीवर तुम्ही भुट्ट्याचा कीस किंवा गराडू घेता, तिची नोंदणी तरीही वेगळी असते आणि ती वेगळीच पाहावी लागते. तसेच, स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर २०१७ पासून अव्वल राहिले ते नगर निगमाच्या कामामुळे. निगम कचऱ्यासाठी दंड करते; स्वयंपाकघरातली तपासणी मात्र राज्याच्या खाद्य सुरक्षा प्रशासनाकडे आहे. हॉटेलच्या तपासणीचा कागद मागायला निगमाच्या झोन कार्यालयात जाऊ नये.

तपासणीचा खरा कागद

स्वयंपाकघर पाहायला येतात ते खाद्य सुरक्षा अधिकारी. महाराष्ट्रात त्यांना अन्न सुरक्षा अधिकारी म्हणतात. त्यांच्या वरच्या जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याला महाराष्ट्रात पदनिर्देशित अधिकारी आणि इथे हिंदीत 'अभिहित अधिकारी' म्हणतात. आपण मराठीत बोलत असलो तरी अर्जात शब्द इथलेच वापरावेत, नाहीतर कागद टेबलाटेबलांवरून फिरत राहतो.

हॉटेले आणि केटरर यांच्यासाठी तपासणीची छापील यादी आहे आणि तिचे एकूण गुण ११४ आहेत. तिच्यात जागेची रचना, पाणी, कच्चा माल साठवण्याची पद्धत, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ वेगळे ठेवणे, शिजवणे आणि थंड करणे, भांडी, कीटकनियंत्रण, काम करणाऱ्यांची स्वच्छता, प्रशिक्षण आणि नोंदवह्या असे विभाग येतात. काही मुद्द्यांपुढे तारांकन असते. हे तारांकित मुद्दे सगळ्यांत महत्त्वाचे, कारण त्यांतला एक जरी चुकला तरी बाकीचे गुण कितीही चांगले असोत, ती जागा अटी न पाळणारी ठरते. म्हणून अहवाल हाती आला की एकूण बेरजेकडे न पाहता आधी तारांकित ओळींवर नजर टाकावी. पाण्याची ओळ मी सर्वांत आधी वाचते. पाणी पिण्यायोग्य असावे, दर सहा महिन्यांनी ते तपासून घेतलेले असावे आणि त्या तपासणीचा कागद जपून ठेवलेला असावा, अशी अपेक्षा आहे. त्यानंतर शीतकपाटाची ओळ: थंड ठेवायचे पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवेत, गोठवलेले उणे १८ किंवा त्याखाली. त्यानंतर तेल. कढईतल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांचे) एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. सकाळच्या कचोरीपासून रात्रीच्या जिलबीपर्यंत ज्या शहराची कढई उतरत नाही, तिथे ही ओळ दुर्लक्षून चालणार नाही.

हा अहवाल मिळवण्याचा मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. हॉटेल खासगी असले तरी हरकत नाही. जी माहिती सरकारी कार्यालयाला कायद्याने मिळवता येते तीही या कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत बसते, आणि तपासणी अहवाल तर त्या कार्यालयाने स्वतःच तयार केलेला कागद आहे.

अर्ज हिंदीत लिहावा. मी पहिला मसुदा सवयीने मराठीत केला होता आणि यजमानांनी तो वेळेवर थांबवला. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशीच तरतूद आहे, आणि मध्य प्रदेशात मराठी ती नाही. अर्ज लोक सूचना अधिकारी, अभिहित अधिकारी यांचे कार्यालय, खाद्य सुरक्षा प्रशासन, जिल्हा इंदूर यांच्या नावे करावा. शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ असते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही, म्हणून मुंजीची हकिगत अर्जात लिहू नये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

सारे यश प्रश्नाच्या शब्दांवर अवलंबून आहे. "अमुक हॉटेल स्वच्छ आहे का?" हा प्रश्न फेटाळला जाईल, कारण अधिकाऱ्याने मत द्यावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, त्याने आपल्याजवळचा कागद द्यायचा असतो. "सगळ्या हॉटेलांची माहिती द्या" हेही चालणार नाही. एक क्रमांक, एक जागा, ठरावीक कालावधी आणि कागदांची नावे लिहावीत. माझ्या अर्जातले वाक्य असे होते: "कृपया एफएसएसएआई अनुज्ञप्ति/पंजीयन क्रमांक (यहाँ क्रमांक) के परिसर में पिछले तीन वर्षों में किए गए सभी निरीक्षणों के प्रतिवेदन एवं जाँच-सूची, जारी किए गए सुधार सूचना-पत्र तथा पुनर्निरीक्षण प्रतिवेदन की सत्यापित प्रतियाँ प्रदान करें।" त्याखाली दुसरी ओळ होती: त्याच कालावधीत तिथून घेतलेल्या नमुन्यांची यादी आणि त्यांचे खाद्य विश्लेषकांचे अहवाल. आणि तिसरी: कोणतीही तपासणी झालेली नसेल, तर तसे लेखी कळवावे. ही तिसरी ओळ कधीही गाळू नये. 'या जागेची तीन वर्षांत तपासणी झालेली नाही' हे उत्तर, त्यावर सहीशिक्का असेल तर, एखाद्या अहवालाइतकेच बोलके असते.

सुधार सूचना म्हणजे काय, हेही इथेच सांगते. तपासणीत त्रुटी आढळल्या की कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली व्यावसायिकाला लेखी सूचना दिली जाते, आणि सुधारणेसाठी किमान चौदा दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो आणि पुढे रद्दही. म्हणून सूचना आणि त्यानंतरची फेरतपासणी हे दोन्ही कागद जोडीने वाचावेत. सूचना मिळाली आणि पंधरवड्यात सगळे नीट केले, असे हॉटेल मला तरी कधीच न तपासल्या गेलेल्या हॉटेलापेक्षा जास्त भरवशाचे वाटते.

उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. हॉटेलमालक हा 'त्रयस्थ पक्ष' आहे असे म्हणून कार्यालय त्याला विचारणा करू शकते. तसे झाले तर चाळीस दिवस लागू शकतात. मालकाने नकार दिला म्हणून माहिती आपोआप नाकारली जात नाही. त्याचे म्हणणे विचारात घ्यायचे असते, निर्णय मात्र अधिकाऱ्याचा असतो, आणि माहिती देण्यात व्यापक जनहित असेल तर ती देता येते. चौकशी किंवा खटला चालू असेल आणि माहिती दिल्याने त्यात अडथळा येणार असेल, तर तेवढा भाग रोखता येतो. कामगारांची नावे किंवा फोन क्रमांक झाकून बाकीचा अहवाल देता येतो, आणि ते योग्यच आहे. भांडी घासणाऱ्या बाईचा वैद्यकीय दाखला आपल्याला कशाला हवा? कामगारांची वार्षिक तपासणी झाल्याची नोंद अहवालात आहे की नाही, एवढे पुरेसे आहे.

उत्तर आलेच नाही किंवा अपुरे आले, तर तीस दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावे, आणि तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत दुसरे अपील भोपाळच्या राज्य सूचना आयोगाकडे. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १०० रुपये शुल्क आहे. प्रतींसाठी दर पानाला दोन रुपये पडतात. अहवाल क्वचितच आठ-दहा पानांपेक्षा मोठा असतो.

नमुन्यांचे निकाल आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या

सणावाराच्या आधी मावा आणि पनीर यांच्यावर छापे पडल्याच्या बातम्या येतात, आणि घरोघरी त्या हॉटेलचे नाव टाकले जाते. इथे जरा सबुरीने घ्यावे. छापा पडला त्या दिवशी फक्त नमुना घेतलेला असतो. त्याचे चार भाग करून मोहोरबंद केले जातात आणि एक भाग खाद्य विश्लेषकाकडे जातो. त्याने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा म्हणतो. अहवाल विरोधात गेला तर व्यावसायिकाला तीस दिवसांत अपील करता येते आणि दुसरा भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. चलित प्रयोगशाळेच्या गाडीत जागच्या जागी होते ती प्राथमिक चाचणी. खटला उभा राहतो तो विश्लेषकाच्या अहवालावर.

अहवालातले तीन हिंदी शब्द नीट ओळखता आले पाहिजेत. 'असुरक्षित' म्हणजे आरोग्याला घातक. याचा खटला फौजदारी न्यायालयात चालतो आणि शिक्षा कैदेची होऊ शकते. 'अवमानक' म्हणजे ठरलेल्या दर्जापेक्षा कमी. दंड पाच लाखांपर्यंत. 'मिथ्याछाप' म्हणजे वेष्टणावर चुकीचे किंवा अपुरे लिहिलेले. दंड तीन लाखांपर्यंत. पनीरचे उदाहरण घेऊ. पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांहून जास्त नसावे आणि कोरड्या भागात दुधाचा स्निग्धांश किमान ५० टक्के असावा, असे मानक आहे. स्निग्धांश ४४ टक्के भरला तर ते पनीर अवमानक ठरते. ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि तिला दंड व्हायलाच हवा, पण ते खाऊन कोणी आजारी पडेल असा त्याचा अर्थ नाही. याउलट, अस्वच्छ जागेत अन्न तयार करण्याचा दंड कायद्यात एक लाखापर्यंतच आहे आणि त्याची बातमी कोपऱ्यात छापून येते. पण उलट्या-जुलाबांचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. दंडाच्या आकड्यावरून धोक्याचा अंदाज बांधू नये.

अवमानक आणि मिथ्याछाप यांसारखी प्रकरणे न्यायनिर्णायक अधिकाऱ्यापुढे चालतात. हा अधिकारी अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसतो, म्हणजे आपल्याकडे मोती तबेल्यातले कलेक्टर कार्यालय. त्या आदेशाची प्रतही वरच्याच पद्धतीने माहिती अधिकारात मागता येते. अर्ज मात्र त्या कार्यालयाच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे करावा. फौजदारी न्यायालयातले खटले ई-कोर्ट्स संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतात. इथे पाटीवरचे नाव चालत नाही, परवान्यावरचे मालकाचे किंवा कंपनीचे नाव लागते. ते फॉसकॉसवर आधीच मिळालेले असते.

कागदच अस्तित्वात नसेल तेव्हा

तपासणीच झालेली नसेल तर तक्रार करून ती घडवून आणता येते. प्राधिकरणाचे फूड सेफ्टी कनेक्ट ॲप आहे, १८००-११२-१०० हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि राज्याची १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे. दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात होणाऱ्या जनसुनवाईत कागद हातोहात देता येतो. माझा अनुभव १८१ चा चांगला आहे, कारण तिथे तक्रार समाधानाशिवाय बंद झाली तर ती वरच्या पातळीवर जाते. तक्रारीत परवाना क्रमांक, तारीख, वेळ, बिलाचा फोटो आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एवढेच लिहावे. ऐकीव काही लिहू नये. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढे माहिती अधिकारात "या तक्रारीवरून झालेल्या निरीक्षणाचा प्रतिवेदन" असे नेमके मागता येते.

कायद्याच्या ४० व्या कलमात आणखी एक अधिकार आहे, जो मी आजवर कोणालाच वापरताना पाहिलेला नाही. ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून खाद्य विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की, तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळते. घरी आणून, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग नेलेल्या डब्याला हा अधिकार लागू होत नाही.

आमच्या मुंजीचे सांगायचे राहिले. अर्ज केला होता उरलेल्या दोन केटररांसाठी. सव्विसाव्या दिवशी पाकीट आले. एकाबद्दल लिहिले होते की नोंदणी झाल्यापासून निरीक्षण झालेले नाही. दुसऱ्याचा सहा पानी अहवाल होता: बहुतेक ओळी ठीक, पाण्याच्या तपासणीचा कागद नाही म्हणून तारांकित मुद्द्यावर शेरा, सुधार सूचना, आणि पाच आठवड्यांनी झालेल्या फेरतपासणीत "जल परीक्षण रिपोर्ट प्रस्तुत" अशी नोंद. मी तो अहवाल घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि त्यानंतरच्या दोन सहामाह्यांचे पाण्याचे अहवाल माझ्यापुढे ठेवले. त्यांपैकी ताज्या अहवालावर सात आठवड्यांपूर्वीची तारीख होती. विसार त्यांनाच दिला.